पुसलेली ओळ

१

भाकरी टोपल्यात झाकली, हात पदराला पुसले आणि ऋतुजा मोबाईल घेऊन ओसरीवर टेकली. नवऱ्याचं लिहिलेलं वाचायचं आणि मगच जेवायचं, असा तिचा नेम पडून गेला होता. अंगदला जाऊन वर्ष झालं होतं. फोटोतला अंगद गप्प असे. लिहिलेला अंगद बोले.

त्याचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख होता ‘बंद विहिरीत उतरण्याआधी’. तो तिला तोंडपाठ होता. डोळे ओळींवरून फिरत आणि आतून त्याचा आवाज येई. आज मात्र आवाज मध्येच अडखळला. तिनं पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं.

एक ओळ नव्हती.

‘झाडाला दोर बांधून मी आजवर एकाही विहिरीत उतरलो नाही, वर धरणारा माणूस असला तरच उतरलो.’ या ओळीच्या आधीचं होतं, नंतरचं होतं. नंतरची ओळ जशीच्या तशी होती: ‘उतरण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाईल, पाकीट, विडीकाडी सगळं वरच्या माणसाकडे द्या.’ मधलीच तेवढी नाहीशी झालेली.

लेखाच्या खाली बारीक अक्षरात लिहून आलं होतं: ‘लेखकाने आज बदल केला.’

वस्तीवर भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. थोरला दीर बंकट मेंढरं घेऊन शिवारात गेलेला. गोठ्यात एक गाभण शेळी तेवढी रवंथ करत होती. लेखकानं बदल केला म्हणजे कुणी? लेखकाची राख तर तिनं स्वतःच्या हातानं सावडली होती.

अंगदनं तिलाही त्या ॲपवर एक खातं काढून दिलं होतं. तिनं ते कधी वापरलं नव्हतं. आज लेखाखाली तिनं दोनच शब्द लिहिले: ‘कोण आहे?’

उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. जेवण तसंच ठेवून ती मोबाईलकडे बघत राहिली. सावली ओसरीवरून अंगणात सरकली, आणि पडद्यावर अंगदच्या नावानं, अंगदच्या फोटोसकट, उत्तर उमटलं.

‘वाचत राहा.’

२

ऋतुजाची मावशी वनमाला पोलिसात हवालदार होती. निवृत्त झाल्यावर तिनं मांजरसुंब्याच्या फाट्यावर ढाबा टाकला होता. ट्रकवाले तिला अजून ‘मॅडम’ म्हणत आणि उधारी मागायला कचरत. नांदूरघाटाहून एसटीनं आलेल्या भाचीचा चेहरा बघून तिनं गल्ला नोकराकडे दिला आणि ऋतुजाला मागच्या खोलीत नेलं.

“आधी पानी पी. मग बोल. घाई न्हाई.”

ऋतुजानं सगळं सांगितलं. मावशीनं मोबाईल हातात घेऊन लेख वाचला, मग चष्मा कपाळावर चढवला.

“मला अडानीला समजंल असं सांग. ह्ये ॲप काय हाय?”

“‘कोरीव’ म्हनतेत त्याला. एकदा लिहिलं की कायमचं. त्याचा मालक कुनी एक न्हाई, जगभरच्या किती तरी कंप्युटरांवर त्याच्या नकला असतेत. म्हनून कुनाला बंद करता येत न्हाई. वाचणाऱ्याला आवडलं की त्याच्याकडून लिहिणाऱ्याला पैशाचा वाटा येतो. जुन्या लेखालाबी येतो. बाकीची पोरं रोज बाजारभाव आन् भांडणं लिहायची, त्ये दुसऱ्या दिवशी शिळं. ह्यो म्हनायचा, दहा वर्षांनी कुनाला गरज पडंल असंच लिहायचं. विहिरीचा लेख दर उन्हाळ्यात पुन्हा जागा होतो. जिथं जिथं पानी आटतं, तिथली मानसं शोधत येतेत.”

“आन् लेख बदलायचा तर?”

“लिहायची किल्ली लागती, म्हंजे गुपित शब्द. ती त्याच्या मोबाईलमधीच हुती.”

मावशीनं सगळं प्रकरण मनाशी पुन्हा जुळवलं. गेल्या उन्हाळ्यात भगवानराव पाटलांच्या पडक्या विहिरीत शेळीचं करडू पडलं. अंगद ते काढायला उतरला आणि खाली कपारीवर आपटलेला सापडला. कमरेला दोर होता. दोराचं दुसरं टोक वर कशालाच बांधलेलं नव्हतं. काठावरच्या बाभळीला दोर घासल्याच्या खुणा होत्या. एकटाच उतरला, बाभळीची गाठ निसटली, असं म्हणून पोलिसांनी प्रकरण मिटवलं. मोबाईल तळाच्या गाळात गेला असं सगळे धरून चालले.

“बाभळीला बांधून उतरला म्हनतेत,” मावशी सावकाश म्हणाली, “आन् पुसली कोनती ओळ? तर झाडाला बांधून मी उतरत न्हाई म्हनणारी.”

“वर्षश्राद्धाला मी ह्येच बोलले हुते, मावशी. जेवणं झाल्यावर. म्हनलं, त्यो एकटा उतरणाराच न्हाई, तसं त्यानं लिहून ठिवलंय.”

“कोन कोन हुतं तवा?”

“बंकट भाऊजी. भगवानराव. विहिरीतला गाळ उपसायची यारी चालवणारा सुग्रीव. आन् सत्यम, हितला मोबाईल दुकानवाला. त्यानंच ह्यांना ॲप शिकवलं.”

मावशीनं दारातून हाक मारली. सत्यमचं दुकान ढाब्याला लागूनच होतं. तो आला, पण आत आल्यावरही दाराकडे तोंड करूनच बसला. उमदा, बडबड्या पोरगा म्हणून ऋतुजा त्याला ओळखत होती. आज त्याचे ओठ सुकलेले होते.

“पुसलेली ओळ परत दिसंल का रं?” मावशीनं विचारलं.

“दिसंल की. पुसली तरी जुनं खाली तसंच राहतं. हितं दाबा.” त्यानं दाबून दाखवलं. नाहीशी झालेली ओळ समोर आली. “ह्यात खरं काहीच पुसता येत न्हाई, मावशी. फक्त वरून झाकता येतं.”

“ह्ये सगळ्यांना म्हाईत असतं?”

“वापरणाऱ्यालाच.” मग तो न विचारता म्हणाला, “वहिनी, लेखाच्या पार तळाला बगितलं का कधी? वाटेकरी म्हनून एक नाव हाय.”

तळाशी खरंच लिहिलं होतं: ‘या लेखाच्या मानधनातील निम्मा वाटा: दोरवाला.’ ऋतुजानं ते अनेकदा पाहिलं होतं, पण ते ॲपचंच काही असेल असं तिला वाटायचं.

“दोरवाला कोन?” मावशीनं विचारलं.

सत्यमची नजर रस्त्यावर गेली. पलीकडे एक-दोन ट्रक, यारी जोडलेला एक ट्रॅक्टर आणि कडब्याचा टेम्पो उभा होता. “मला न्हाई म्हाईत,” तो म्हणाला. “लेख टाकतानाच ठरवलं हुतं अंगदनं. एकदा ठरवलं की त्येबी बदलत न्हाई. त्या दोरवाल्यानं आजवर त्यातलं काहीच काढलेलं न्हाई, येवढं दिसतंय.”

“सत्यम, तू कावून घाबरलास?”

“कुटं घाबरलोय.” तो उठला. दारात थांबून ऋतुजाकडे वळला. मग दुकानाकडे निघून गेला.

ऋतुजाच्या हातातला मोबाईल थरथरला. अंगदच्या नावानं नवा निरोप आला होता.

‘तळापर्यंत वाच.’

३

दुसऱ्या दिवशी मावशी स्कूटी घेऊन वस्तीवर आली. ऋतुजाला मागं बसवून ती एकेकाला भेटत गेली. प्रत्येकाशी थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारी आणि मग एकच गोष्ट विचारी: अंगदला विहिरीचं एवढं ज्ञान कुणी दिलं?

भगवानराव पाटील लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. प्रश्न ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“मोबाईलवर शिकला असंल. कायम त्यातच तोंड असायचं. वनमालाबाई, प्रकरण मिटलंय. तुमी आता पोलिसात न्हाईत. माझ्या विहिरीचं नाव पुन्हा पुन्हा काढून गावात बभ्रा करू नका. ह्या पोरीला हितंच राहायचंय.”

“धमकी देता का पाटील?”

“समजावून सांगतोय.” पण बोलताना त्यांची मांडी हलत होती. विहिरीला कठडा घाला, नाहीतर बुजवा, असं ग्रामपंचायतीनं त्यांना आधी सांगितलेलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते स्वतः आणि त्यांचा मुलगा त्या दिवशी लग्नाला बीडला होते. मंडपात सगळ्यांनी त्यांना पाहिलं होतं.

सुग्रीव शेजारच्या शिवारात एका विहिरीतला गाळ उपसत होता. यारीचं इंजिन बंद करून, हात पुसत तो पुढं आला. मूळचा शिरूर कासारचा, अंगानं धिप्पाड, बोलायला मऊ.

“अंगदला म्या काय शिकवावं? त्यो शिकलेला मानूस. पुस्तकात वाचलं असंल. माझी त्याची वळख म्हंजे रामराम-श्यामराम.” मग ऋतुजाकडे वळून म्हणाला, “वहिनी, काळजी घ्या. एकटं बाईमानूस. काय लागलं तर सांगा.”

बंकट मेंढरांमागं होता. त्यानं तर मोबाईलकडे पाहायचंही नाकारलं.

“ते उगडू नको. माजं ऐक, ऋतुजा. गेलेल्या मानसानं बोलू नये. बोलाया लागला की कुनाला तरी संगं न्हेतो.” बंकटला अक्षरओळख नव्हती. त्याच्या लेखी मोबाईलमधला भाऊ आणि विहिरीतला भाऊ एकच होता.

“विहिरीचं त्याला कुनी शिकवलं, बंकट?” मावशीनं विचारलं.

“लग्नाच्या आदी एक उन्हाळा यारीवर गेलता कामाला. हाताला घट्टे पाडून आलता. कुनाच्या यारीवर ते मला न्हाई म्हाईत, मी मेंढरं घिऊन घाटाखाली गेलतो.”

परत येताना मावशी वाटेत एकदम थांबली. स्कूटी स्टँडवर लावून ती बांधावर बसली.

“पोरी, एक गोष्ट नीट ऐक. तू म्हनतीस, ज्यानं मारलं त्यानंच ओळ पुसली. मला तसं वाटत न्हाई.”

“मग?”

“मारणाऱ्याला पुसायची गरज काय? प्रकरण मिटलं. ती ओळ तुझ्याशिवाय कुनी लक्षात ठिवली नव्हती. पुसल्यानं काय झालं? ओळ झाकली न्हाई, उलट डोळ्यात भरली. तू माझ्याकडं पळत आलीस. ज्यानं पुसली त्याला ह्येच पाहिजे हुतं. तू रोज वाचतीस, ह्येबी त्याला ठाऊक हाय. आन् पुसलेलं खाली शाबूत राहतं, ह्येबी.”

“आन् त्यो निरोप? वाचत राहा?”

“तू त्याचा एकच अर्थ घेतलास. वाचत राहा म्हंजे लेख वाच. पन वाचत राहा म्हंजे जिवंत राहा, असंबी हुतं.” मावशीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “अंगदच्या मोबाईलवरून जो लिहितोय, त्यो तुझ्या बाजूनं हाय. पन त्यो कुनाला तरी लई भेतो. इतका की तोंडानं बोलू शकत न्हाई.”

“कोन हाय त्यो?”

“अंदाज हाय. पन भेदरलेल्या मानसाला चव्हाट्यावर विचारलं तर त्यो कायमचा गप हुईल. त्याला येऊ दे आपल्या पायानं. तवर तू घरात एकटी राहू नको. चल माझ्याकडं.”

“शेळी व्यायला झालीय, मावशी. तिचं झालं की येते.”

मावशीनं आग्रह केला, पण ऋतुजानं ऐकलं नाही. त्याचा तिला पुढं पश्चात्ताप झाला.

४

शेळी दोन दिवसांनी दुपारी व्याली. करडं पुसून, त्यांना कोरड्या पोत्यावर ठेवून ऋतुजा आत आली तेव्हा मोबाईल खाटेवर थरथरत होता. निरोपांवर निरोप.

‘घरात थांबू नको.’

‘तो तिकडंच निघालाय.’

कोण निघालाय, हे विचारायला तिनं अक्षरं शोधली, तोच अंगणात मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला.

“वहिनी, हायसा का घरात?”

सुग्रीव दारात उभा होता. त्यानं चपला काढल्या, पाणी मागितलं, पाणी प्यायला, तांब्या सावकाश खाली ठेवला. करडांची चौकशी केली. ऋतुजा चुलीपाशी उभी होती. घराला दुसरं दार नव्हतं.

“लई दिवस बोलीन म्हनतोय,” तो म्हणाला. “अंगदचं त्या मोबाईलवर काय काय साठलंय म्हनतेत. तसंच पडून ऱ्हाऊन काय उपेग? तुमाला बाईमानसाला त्यातलं समजायचं न्हाई. म्या मदत करतो.”

“मला त्यातलं काय म्हाईत न्हाई, भाऊजी.”

“असं कसं? त्यानं दुसरी किल्ली तुमालाच सांगितली असंल की.”

तोंडावर काही दिसू नये म्हणून ऋतुजा वाकून चुलीतली राख सारखी करू लागली.

किल्ल्या दोन होत्या हे खरं. एक लिहायची, ती मोबाईलमध्ये. दुसरी वाटा बाहेर काढायची, ती कुठंच ठेवलेली नव्हती. अंगदनं ती ऋतुजाकडून पाठ करून घेतली होती, शब्दांमागून शब्द, भांडी घासताना. हे तिनं मावशीलासुद्धा सांगितलं नव्हतं. दुसरी किल्ली असते हे कुणाला कळेल? जो पहिली हातात घेऊन पैसे काढायला गेला आणि अडला, त्याला. पहिली किल्ली अंगदच्या मोबाईलमध्ये. आणि उतरणारा माणूस मोबाईल कुणाकडे देतो, ते अंगदनं स्वतः लिहून ठेवलं होतं.

दोर धरणाऱ्याकडे.

“बोला की वहिनी,” सुग्रीव म्हणाला. आवाज अजून मऊच होता, पण आता तो चौकटीला दोन्ही हात लावून उभा होता आणि घरात उजेड येत नव्हता.

“हाय,” ऋतुजा म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. “पन माझ्याकडं न्हाई. मावशीकडं ठिवलीय. ढाब्यावर.”

“मंग चला. गाडी हाय.”

“उद्या येते.”

“आत्ताच चला.”

नेसूचं सावरायच्या निमित्तानं ती खाटेकडे वळली. पाठ त्याच्याकडे होती. निरोप लिहिणारा कोण, हे तिला नक्की ठाऊक नव्हतं. मावशी चुकली असेल तर आपण मारणाऱ्याच्या हातातच दोर देतोय, हे तिला कळत होतं. तिनं मेलेल्या नवऱ्याच्या नावावर लिहिलं: ‘सुग्रीव दुसऱ्या किल्लीसाठी मला ढाब्यावर आणतोय. मावशीला सांग.’

मोटारसायकल मुख्य रस्त्यानं गेली नाही. सुग्रीवनं ती शिवारातल्या वाटेला घातली. त्या वाटेवर भगवानरावांची विहीर होती. विहीर जवळ आली तसा त्याचा वेग कमी झाला. बाभळीपाशी त्यानं गाडी थांबवली आणि पाय टेकवून, मागं न बघता विचारलं, “मावशीकडंच हाय न्हवं नक्की? का हितं बसून आठवता जरा?”

कडक ऊन. वाऱ्याची झुळूक नाही. बाभळीच्या बुंध्यावर दोराचा जुना वळ अजून दिसत होता.

“मेले तर कुनालाच मिळायची न्हाई,” ऋतुजा म्हणाली.

सुग्रीवनं एकदा विहिरीकडे पाहिलं. मग त्यानं गाडी चालू केली.

५

ढाबा रिकामा होता. इतक्या वर्दळीच्या वेळी एकही ट्रकवाला नव्हता, हे ऋतुजाच्या ध्यानात आलं. सुग्रीवच्या आलं नाही. वनमाला मावशी एकटी टेबलाशी कांदा चिरत बसली होती.

“ये सुग्रीव. बस. किल्ली देते, पन आधी माझा एक हिशोब लागंना झालाय, त्यो लावून दे.”

तो बसला. ऋतुजा मावशीच्या मागं जाऊन भिंतीला टेकली.

“मी म्हनत हुते, अंगद एकटा उतरला न्हाई,” मावशी कांद्यावरची नजर न काढता बोलू लागली. “वर कुनी तरी दोर धरला हुता. बाभळीला घासल्याचा वळ हाय त्यो गाठीचा न्हाई, वेढ्याचा. भारी वजन धरणारा मानूस झाडाला एक वेढा देतो, म्हंजे हात भरत न्हाई. यारीवाल्याची सवय. पन येवढ्यानं कुनाला धरता येत न्हाई. मग मी समद्यांना एकच विचारलं, अंगदला विहिरीचं कुनी शिकवलं. पाटलाला ठाऊक न्हवतं. बंकट म्हनला, एक उन्हाळा यारीवर हुता. ह्या टापूत तवा यारी एकच हुती, सुग्रीव. तुझी. मी काल शिरूर कासारला जाऊन विचारून आले.”

सुग्रीवनं खुर्ची मागं सरकवली, तरी मावशी बोलतच राहिली.

“कुनी माझ्याकडून शिकला असता तर मी छाती फुगवून सांगितलं असतं. तू म्हनलास, रामराम-श्यामराम. अख्खा उन्हाळा ज्याच्या हातात आपला दोर दिला त्याची वळख मानूस लपवतो, तवा त्याला एक तर लाज असती न्हाई तर भ्या. आन् आज तू ह्या पोरीला दुसरी किल्ली मागितलीस. पहिली कुटं घावली तुला?”

“गाळात घावला मोबाईल,” सुग्रीव पटकन म्हणाला. “विहीर उपसताना. द्यायचाच हुता.”

मागच्या खोलीचं दार उघडलं. सत्यम बाहेर आला. त्याच्या मागं साध्या कपड्यातले दोन पोलीस होते. सत्यमच्या हातात अंगदचा मोबाईल होता, मागचं झाकण काढलेला. मावशीनं तो आपल्याकडे घेऊन टेबलावर ठेवला.

“आत ही बारीक पट्टी असती,” सत्यम म्हणाला. “पानी लागलं की लाल हुती. ही पांढरी हाय. ह्यो मोबाईल कधी विहिरीत गेलाच न्हाई. ह्यानं वर्षश्राद्ध झाल्यावर माझ्याकडं आनला. म्हनला, ह्यातलं काढून दे. मी वळखला. तवापासून रोज दुकानासमोर ट्रॅक्टर लावून बसतो. म्हनला, तोंड उगडलंस तर तुझ्या लेकराला विहीर दावीन.” तो ऋतुजाकडे वळला. “वहिनी, मला बोलायची छाती झाली न्हाई. येवढंच करता आलं. तुमाला लई भ्या दाखवलं मी.”

सुग्रीव उठला नाही. तो सत्यमकडे बघतही नव्हता. त्याची बोटं टेबलाच्या कडेवर गच्च आवळली होती.

“त्यात माझं हुतं,” तो म्हणाला. “समदं माझं हुतं. दिवा खाली सोडून हवा कशी बघायची, कपार कशी चाचपायची, दोर कसा धरायचा. माझा एक भाऊ असल्याच विहिरीत गेला, तवा शिकलो म्या ते. ह्यानं माझ्या तोंडून घेतलं, वर स्वतःचं नाव लावलं, आन् दर उन्हाळ्याला त्यावर खातो. मला कधी म्हनला न्हाई की सुग्रीव, ह्ये तुझं.”

सत्यमनं मोबाईलवर लेख उघडला, तळापर्यंत सरकवला आणि त्याच्यापुढे धरला.

“तुला वाचता येतं. वाच.”

सुग्रीवनं वाचलं.

“दोरवाला म्हंजे तू,” सत्यम म्हणाला. “लेख टाकला त्या दिवसापासून. मीच खातं काढून दिलं हुतं. तू एकदा समद्यांसमोर अंगदला हसलतास, फोनवर येळ घालवतो म्हनून. त्यो म्हनला, चांगला साठू दे, मग न्हेऊन दाखवतो, बघू हसतो का. आज त्यात त्याच्याइतकंच तुझं हाय. कुनी हात लावलेला न्हाई.”

रस्त्यावरून एक टँकर खडखडत गेला.

“मला वाटलं, खोटं बोलतोय,” सुग्रीव म्हणाला. तो कुणाशी बोलत होता कळत नव्हतं. “करडू मेलेलं हुतं. वर वढताना अर्ध्यात थांबवला म्या त्याला. म्हनलं, आता सांग माझ्या वाट्याचं. त्यो खालून वरडत हुता. तुझं हाय, सुग्रीव, निम्मं तुझंच हाय, पयल्यापासून हाय. मला वाटलं, मरनाच्या भ्यानं बोलतोय. मंग हात सुटला.”

“सुटला का सोडला?” मावशीनं विचारलं.

पोलिसांनी सुग्रीवला उठवलं तेव्हा त्याची नजर टेबलावरच्या मोबाईलवरच होती.

ऋतुजा भिंतीला टेकून तशीच खाली बसली. वर्षभर तिला वाटत होतं, अंगदचे शेवटचे शब्द कळावेत. आता ते कळले होते, आणि कानातून जात नव्हते.

६

पावसाळा तोंडावर आला असताना सुग्रीवची बायको बायनाबाई वस्तीवर आली. ऋतुजानं तिला ओळखलं नाही. बाई अंगणात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

“सत्यम सांगत हुता, माझ्या मालकाच्या नावावर काय तरी साठतंय. ते बंद करा. म्हनून आले.”

या बाईला हाकलून द्यावं असं ऋतुजाला वाटलं. पण बायनाबाईच्या चेहऱ्याकडे बघून ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. तिच्या पायाच्या भेगांमध्ये शिरूर कासारपासूनची धूळ बसली होती.

“बंद हुत न्हाई, बाई. मलाबी करता येत न्हाई. लिहितानाच तसं ठरलंय. लोक वाचतील तवर येत राहनार.”

“अजून येतंय?”

“येतंय. औंदा जास्तच आलं.”

“त्याचं काय करू म्या?” बायनाबाई म्हणाली. “लेकरांच्या तोंडात कसं घालू ते?”

सत्यमनं दोरवाल्याच्या खात्याची किल्ली ऋतुजाच्या हवाली केली होती. ती बायनाबाईला द्यायची की नाही, याचा विचार करून करून ती थकली होती. आता जिला द्यायची तीच नको म्हणत होती.

“असू द्या तसंच,” ती शेवटी म्हणाली. “वाटलं कधी, तर या. मी सांगीन.”

बायनाबाईनं मान हलवली. त्यात होकार होता की नकार, ते कळलं नाही. एसटीची वेळ होत आली होती आणि तिला वाट नीट माहीत नव्हती. ऋतुजानं पायात चप्पल सरकवली आणि तिच्याबरोबर निघाली. जवळची वाट विहिरीवरून जात होती. बाभळीपाशी आल्यावर बायनाबाईचे पाय जागीच थांबले. तिनं काही विचारलं नाही, पण तिला कळलं होतं.

ऋतुजानं तिचं मनगट धरलं, आणि दोघी विहिरीकडे न बघता पुढं गेल्या.